असंख्य अँटेनांचा सिद्धान्त : एक परीक्षण

एखाद्या निबंधाने आपल्या शास्त्रशाखेतील विचारास नवे वळण द्यावे, हे अधूनमधून घडते. परंतु त्याच निबंधाने दहा-बारा वर्षांच्या अवधीत कारखान्यातून बाहेर पडणाऱ्या वस्तूचे रूप ठरवावे, हे क्वचितच घडते. टॉमस मार्झेटा यांनी बेल प्रयोगशाळेत असताना लिहिलेल्या व नोव्हेंबर २०१० मध्ये ‘आय-ट्रिपल-ई ट्रॅन्झॅक्शन्स ऑन वायरलेस कम्युनिकेशन्स’ या नियतकालिकात प्रसिद्ध झालेल्या ‘नॉनकोऑपरेटिव्ह सेल्युलर वायरलेस विथ अनलिमिटेड नंबर्स ऑफ बेस स्टेशन अँटेनाज’ या निबंधाच्या वाट्यास हे भाग्य आले. १ ऑक्टोबर २०२२ रोजी भारतात पाचव्या पिढीच्या मोबाइल सेवेस प्रारंभ झाला. त्यानंतर मुंबई-पुण्याच्या इमारतींच्या गच्च्यांवर ३२ किंवा ६४ प्रेषक-ग्राही मार्गांच्या ज्या चपट्या पेट्या बसविण्यात आल्या, त्यांची वैचारिक वंशावळ याच निबंधापर्यंत जाऊन पोहोचते. ज्याचे ऋण एवढे मोठे, त्याचे परीक्षणही तितकेच काटेकोरपणे व्हावयास हवे. आपल्याकडील पदव्युत्तर प्रबंधांत मात्र हा निबंध परीक्षणासाठी येत नाही. तो प्रस्तावनेतील पहिल्या संदर्भापुरता येतो, आणि त्याची गृहीते कोणाच्याही नजरेस न पडता समीकरणांतून पुढे सरकत राहतात.

प्रथम निबंधाचे म्हणणे काय आहे ते पाहणे न्यायाचे होईल. एका बेस स्टेशनवर पुष्कळ अँटेना आहेत, आणि ते स्टेशन एकाच वेळी, एकाच कंप्रतेवर, प्रत्येकी एकच अँटेना असलेल्या अनेक मोबाइल संचांशी संभाषण करीत आहे, अशी मार्झेटा यांची मूळ कल्पना. मोबाइल संचांनी आधी ओळखीचे पायलट संकेत पाठवावयाचे. स्टेशनने त्यांवरून प्रत्येक संचापर्यंतच्या चॅनेलचा अंदाज बांधावयाचा. आणि जाण्याचा व येण्याचा मार्ग एकच असल्यामुळे तोच अंदाज उलट दिशेच्या प्रक्षेपणासाठीही वापरावयाचा. अँटेनांची संख्या, म्हणजे निबंधातील ‘एम’ हे अक्षर, अनंताकडे नेली असता काय होते, हा निबंधाचा प्रश्न आहे. उत्तर विलक्षण सोपे निघते. ग्राहीतील गोंगाटाचा परिणाम नाहीसा होतो, चॅनेलची जलद चढउतार नाहीशी होते, प्रत्येक बिटमागे लागणारी ऊर्जा शून्याकडे जाते. उरतो तो एकच अडथळा. शेजारच्या सेलमध्ये तेच पायलट संकेत पुन्हा वापरावे लागत असल्यामुळे चॅनेलच्या अंदाजात होणारी भेसळ, हा तो अडथळा होय. २० मेगाहर्ट्‌झ पट्टा व अर्ध्या मिलिसेकंदाचा कालखंड गृहीत धरून मार्झेटा यांनी प्रत्येक सेलमध्ये ४२ मोबाइल संच व प्रत्येक संचास सरासरी सेकंदास १७ मेगाबिट, असे आकडे काढले. हे ४२ कोठून आले, हे पाहण्याजोगे आहे. कालखंडातील सात चिन्हांपैकी तीन पायलटसाठी, आणि प्रत्येकात १४ संचांस पुरेल एवढी जागा. म्हणजे किती लोकांची सेवा करता येईल हे अँटेना ठरवीत नाहीत, वेळ ठरविते. निबंधातील ही सर्वांत मर्मग्राही जाणीव होय; आणि पुढील दशकातील संशोधनाने तिला कोठेही खोटे पाडलेले नाही.

आक्षेपाचे स्थान निराळे आहे. निबंधाच्या नावातच अँटेना आहेत, परंतु निबंधात अँटेना नाही. तेथे आहे तो केवळ ‘एम’, म्हणजे सदिशाची लांबी. अँटेनेला आकार नाही, तिच्या टोकाशी संरोध नाही, तिला शेजारी नाही. एका घटकाने काढलेला स्वर दुसऱ्या घटकात शिरत नाही. घटकांतील अंतर किती, ते कोणत्या आकृतीत मांडले आहेत, कोणत्या दिशेस पाहत आहेत, हे प्रश्न चॅनेलच्या आकडेवारीत विरघळवून टाकले आहेत, आणि ती आकडेवारीही प्रत्येक घटकासाठी परस्परांपासून स्वतंत्र धरली आहे. अंतरामुळे व आडोशामुळे होणारी घट संचातील सर्व घटकांना सारखीच, असेही एक गृहीत आहे. संदेशवहनाच्या सिद्धान्तकारास असे अमूर्तीकरण करण्याचा अधिकार आहे, हे निर्विवाद. पण अमूर्तीकरणात जे गाळले, त्यावरच निष्कर्ष अवलंबून नाही ना, हे पाहण्याचे कर्तव्य त्या अधिकाराबरोबरच येते.

घटकांची मोजणी केव्हा प्रामाणिक असते, याचे उदाहरण पुणे जिल्ह्यातच आहे. नारायणगावजवळ खोडद येथील महाकाय मीटरतरंग दुर्बिणीत ४५ मीटर व्यासाच्या ३० तबकड्या आहेत. त्यांपैकी १४ मध्यभागी एकवटलेल्या व उरलेल्या १६ तीन लांब भुजांवर विखुरलेल्या. दोन तबकड्यांमधील अंतर तरंगलांबीच्या मानाने इतके मोठे, की त्यांच्यातील युग्मन हिशेबात धरण्याचे कारण पडत नाही. तेथे ‘तीस अँटेना’ म्हणजे खरोखरीच तीस अँटेना. मोबाइल स्टेशनच्या पेटीची गोष्ट वेगळी. ३·५ गिगाहर्ट्‌झला तरंगलांबी सुमारे ८·६ सेंटिमीटर भरते, आणि घटक तिच्या निम्म्या अंतरावर, म्हणजे चार-साडेचार सेंटिमीटरांवर, खांद्यास खांदा लावून उभे असतात. अशा दाटीत प्रत्येक घटक स्वतंत्र व्यक्ती राहत नाही.

ही गोष्ट नवी नाही, हाच खरा मुद्दा. रडारसाठी बहुघटक अँटेना रचणाऱ्या अभियंत्यांना ती १९६० च्या दशकातच पुरती ठाऊक झालेली होती. १९६४ मध्ये पी. डब्ल्यू. हॅनन यांनी घटकाच्या लाभाचा जो विरोधाभास मांडला, त्याचे तात्पर्य असे की, मोठ्या सपाट संचातील एका घटकाचा लाभ त्याच्या वाट्यास आलेल्या क्षेत्रफळापेक्षा अधिक असू शकत नाही. अर्ध्या तरंगलांबीच्या चौकोनी मांडणीत हा लाभ समोरच्या दिशेस π एवढा, म्हणजे सुमारे ५ डेसिबेल येतो. एकटी ठेवलेली तीच पट्टी-अँटेना कदाचित ७ डेसिबेल देत असेल. मधला फरक शेजाऱ्यांच्या तारांत मुरतो. आता त्याच क्षेत्रफळात घटक चौपट करावयाचे ठरविले, तर प्रत्येकाच्या वाट्याचे क्षेत्र चतुर्थांश, लाभ चतुर्थांश, आणि बेरीज जेथल्या तेथे. म्हणजे ऊर्जेच्या दृष्टीने मोजावयाची वस्तू लहरी झेलणारे मुखक्षेत्र ही आहे, घटकांची संख्या ही नव्हे. ‘एम’ वाढविल्याने बिटमागील ऊर्जा घटते, हे विधान मुखक्षेत्रही त्याच प्रमाणात वाढले तरच खरे ठरते. निबंधात ही अट उघडपणे घातलेली नाही. ती वाचकाने मनाशी जोडून घ्यावयाची असते, आणि बहुतेक वाचक ती जोडीत नाहीत. संगणकावर ‘एम’ ६४ वरून ५१२ करणे म्हणजे कार्यक्रमातील एक आकडा बदलणे होय; मनोऱ्यावर तेच करणे म्हणजे आठपट पत्रा, आठपट वारा आणि आठपट वजन.

याचा प्रत्यय घ्यावयाचा असेल तर ७०० मेगाहर्ट्‌झच्या पट्ट्याकडे पाहावे. २०२२ च्या लिलावात हा पट्टा व ३३०० मेगाहर्ट्‌झचा पट्टा, दोन्ही विक्रीस होते. निबंधातील सीमास्थ निष्कर्षांनी दोहोंत भेद करण्याचे कारण नाही. परंतु ३·५ गिगाहर्ट्‌झला जी आठ स्तंभ व बारा ओळींची मांडणी सुमारे ३५ सेंटिमीटर रुंदीत आणि ७० सेंटिमीटर उंचीत बसते, तीच ७०० मेगाहर्ट्‌झला सुमारे पावणेदोन मीटर रुंद व साडेतीन मीटर उंच होते. एवढे दार कोणत्या गच्चीवर व कोणत्या खांबावर टांगावयाचे? म्हणून मोठे बहुघटक संच मधल्या व वरच्या पट्ट्यांत फोफावले, खालच्या पट्ट्यात नाही. त्याचे कारण तरंगलांबीत आहे. संदेशवहनाच्या सिद्धान्तात ते शोधून सापडणार नाही.

पेटी आतून कशी असते, हेही येथे थोडे विस्ताराने पाहण्याजोगे आहे. कारण सिद्धान्तातील ६४ आणि पेटीवर छापलेले ६४ यांत किती अंतर आहे, ते त्यावरूनच कळते. नेहमीच्या एका रचनेत आठ स्तंभ, बारा ओळी व प्रत्येक ठिकाणी दोन ध्रुवण, असे १९२ घटक असतात. प्रत्येकास स्वतंत्र प्रवर्धक देणे परवडत नाही. म्हणून उभ्या रेषेतील तीन-तीन घटक एकत्र जोडून एक उपसंच करतात, आणि १९२ चे ६४ मार्ग होतात. उपसंचातील तीन घटकांची परस्परांतील कला साध्या रचनेत कायमची ठरलेली असते. उभे अंतर ०·७ तरंगलांबी धरले, तर दोन उपसंचांच्या मध्यांतील अंतर २·१ तरंगलांबी येते. एवढ्या विरळ मांडणीत मुख्य झोताबरोबर त्याच्या प्रतिकृतीही निर्माण होतात. झोत नाकासमोर असताना पहिली प्रतिकृती सुमारे २८ अंशांवर पडते, आणि नेमक्या त्याच दिशेस उपसंचाचा स्वतःचा शून्यबिंदू असल्यामुळे ती मरते. हा योगायोग नव्हे. तीन समान अंतरावरील घटकांच्या गणितातच ते आहे. पण झोत वर किंवा खाली वळविताच हा समतोल ढळतो. सुमारे १४ अंश वळविला की मुख्य झोत आणि विरुद्ध बाजूची प्रतिकृती यांचे बळ सारखे होते; मग स्टेशन रस्त्यावरील माणसाशी बोलते आहे की आकाशाशी, हे सांगणे कठीण. म्हणजे या ६४ मार्गांपैकी आडव्या दिशेचे आठ मोठ्या कोनातून झोत फिरवू शकतात आणि उभ्या दिशेचे चार जेमतेम काही अंश. सिद्धान्तातील ‘एम’ या दोहोंस एकाच मापाने मोजतो. रस्त्यावर पसरलेल्या उपनगरास ही रचना पुरेशी आहे. पंचवीस-तीस मजली इमारतींच्या दाटीत, जेथे माणसे एकमेकांच्या डोक्यावर राहतात, तेथे तिची कसोटी लागते.

झोत वळविल्यावर आणखी एक घडते. शेजाऱ्यांकडून येणाऱ्या लहरींमुळे प्रत्येक घटकाच्या टोकाशी दिसणारा संरोध कोनागणिक बदलतो. प्रवर्धकाने पाठविलेल्या शक्तीचा काही भाग त्याच्याकडेच परततो. छापील द्विध्रुवांच्या संचांत विशिष्ट कोनाला जवळजवळ सर्व शक्ती परत येते व संच त्या दिशेस आंधळा होतो, हे पोझार व शॉबर्ट यांनी १९८४ मध्ये दाखविले. त्याच वेळी हेही सांगितले पाहिजे की, युग्मन हा केवळ शत्रू नव्हे. सर्व संच म्हणजे विद्युत्‌प्रवाहाची एक अखंड चादर, असा विचार हॅरल्ड व्हीलर यांनी १९६५ मध्ये मांडला, आणि दाट युग्मनाचाच आधार घेऊन रुंद पट्ट्याचे संच बांधण्याची परंपरा त्या विचाराला पुढे फळ म्हणून आली. युग्मन गाळणारा सिद्धान्त हानीप्रमाणे हा लाभही गाळतो.

मार्झेटा यांच्या गृहीतांना मोजमापांचा आधार मिळाला, असे पुढे वारंवार म्हटले गेले. स्वीडनमधील लुंड विद्यापीठातील गाओ, एडफोर्स, रुसेक व टुफ्वेसॉन यांनी २०१५ मध्ये प्रसिद्ध केलेला अभ्यास या संदर्भात नेहमी पुढे केला जातो, आणि तो आहेही मोलाचा. २·६ गिगाहर्ट्‌झला १२८ मार्गांचे दोन संच त्यांनी तपासले : एक दंडगोलावर बसविलेला आटोपशीर, दुसरा ७·३ मीटर लांबीचा सरळ. दोन्ही संचांनी आदर्श चॅनेलच्या कामगिरीचा बराच मोठा भाग गाठला. सरळ संचाने अधिक. परंतु सरळ संच प्रत्यक्षात संच नव्हताच. एकच अँटेना रुळावरून १२८ जागी सरकवून ती मोजमापे घेतली होती. जेथे अँटेना एकच आहे, तेथे शेजारी नाही. जेथे शेजारी नाही, तेथे युग्मन दिसण्याचा प्रश्नच येत नाही. संशोधकांनी ही गोष्ट लपविलेली नाही. ती विसरली ती त्यांचा दाखला देणाऱ्यांनी. शिवाय याच सरळ संचाच्या लांबीवर एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे जाताना मिळणारी शक्ती लक्षणीय प्रमाणात बदलते, असेही त्या अभ्यासात आढळले. सर्व घटकांना घट सारखीच, हे मूळ निबंधातील गृहीत त्यामुळे १२८ घटकांतच डळमळू लागते. हिशेब करून पाहिला तर नवल वाटण्याचे कारण उरत नाही : ७·३ मीटर लांबीचा संच त्या कंप्रतेला सुमारे ९०० मीटरांपर्यंत निकट-क्षेत्रात असतो, म्हणजे तेवढ्या अंतरातील मोबाइल संचाकडून येणारी लहर त्याला सपाट न दिसता वक्र दिसते. आटोपशीर पेटीच्या बाबतीत हेच अंतर पंधराएक मीटर भरते.

या ठिकाणी एका लोकप्रिय आक्षेपाची मात्र गय करण्याचे कारण नाही. अँटेनांच्या संख्येच्या प्रमाणात मिळणारी शक्ती वाढत गेली, तर शेवटी पाठविली त्यापेक्षा अधिक शक्ती हाती येईल व ऊर्जेच्या अक्षय्यतेचा नियम मोडेल, असे म्हटले जाते. ब्यॉर्नसन व सांग्विनेत्ती यांनी २०२० मध्ये निकट-क्षेत्राचे गणित नीट मांडून हा पेच सोडविला, हे योग्यच झाले. पण शंभर मीटरांवरील मोबाइल संचासाठी ३·५ गिगाहर्ट्‌झला नियम मोडावयाचा झाल्यास अर्ध्या तरंगलांबीचे साडेसहा कोटींहून अधिक घटक लागतील. तर्कदृष्ट्या आक्षेप बिनतोड; व्यवहारात पोकळ. मार्झेटा यांच्या अनंताची खरी अडचण अनंतापाशी नाही, ती शंभरापाशी आहे.

२०१० हे वर्ष आणखी एका कारणाने लक्षात ठेवण्याजोगे आहे. त्याच वर्षाच्या जुलैमध्ये म्युनिक येथील इव्हर्लाच व नोसेक यांचा ‘टोवर्ड अ सर्किट थिअरी ऑफ कम्युनिकेशन’ हा निबंध परिपथशास्त्राच्या नियतकालिकात आला. अँटेना-संच म्हणजे अनेक दारांचे विद्युत्‌जाल, आणि संकेताची शक्ती म्हणजे चिन्हांच्या वर्गांची बेरीज नसून दाब व प्रवाह यांचा गुणाकार, हे त्यांचे प्रतिपादन. मार्झेटा यांनी जे वगळले, नेमके तेच त्यांनी चार महिने आधी मांडले होते. दोन निबंध, दोन नियतकालिके आणि दोन वाचकवर्ग. ज्याचे गणित हलके, त्याच्या पाठीमागे जग गेले. हा न्याय झाला असे म्हणता येत नाही, पण तो अनाकलनीयही नाही. संख्या हाताळणे सोपे असते. संरोधाचा तक्ता हाताळण्यासाठी विद्युत्‌चुंबकीचा अभ्यासक्रम आठवावा लागतो, आणि अनेक विभागांत तो अभ्यासक्रम व संदेशवहनाचा अभ्यासक्रम एकमेकांना ओळखही देत नाहीत.

सर्वांत बोलके प्रकरण पायलटच्या भेसळीचे. मूळ निबंधात हा एकच अडथळा अनंतापाशीही उरतो, आणि आठ वर्षे तो अंतिम मर्यादा म्हणून शिकविला गेला. २०१८ मध्ये ब्यॉर्नसन, हॉइडिस व सांग्विनेत्ती यांनी असे दाखविले की, निरनिराळ्या मोबाइल संचांच्या चॅनेलांचे सहसंबंध पुरेसे भिन्न असतील आणि त्यांचा उपयोग करणारी प्रक्रिया स्टेशनने वापरली, तर ही मर्यादा राहत नाही. घटक परस्परांपासून स्वतंत्र मानल्यामुळेच ती उभी राहिली होती. आणि हे स्वातंत्र्य निसर्गात नाही. सर्व दिशांनी सारख्या लहरी येत आहेत असे अत्यंत उदार गृहीत धरले, तरी अर्ध्या तरंगलांबीच्या चौकोनी मांडणीत कर्णावरील दोन आदर्श घटकांचा सहसंबंध शून्य येत नाही. त्याचे मान सुमारे ०·२२ येते. प्रत्यक्षात लहरी काही मोजक्या दिशांनीच येतात, तेव्हा सहसंबंध याहून पुष्कळ अधिक असावयाचा. मोबाइल संच कोणत्या दिशेस आहे, मधे कोणत्या भिंती आहेत आणि संचाची मांडणी त्या दिशा कितपत वेगळ्या करू शकते, यांतून तो जन्मास येतो. तात्पर्य, अँटेनेचा जो आकार किरकोळ तपशील म्हणून वगळला होता, त्याच्याच हाती सिद्धान्ताच्या मुख्य अडथळ्याची किल्ली होती.

प्रयोगशाळांतील बांधकामाचा अनुभवही याच दिशेचा आहे. जाण्यायेण्याचा मार्ग एकच, हे तत्त्व हवेपुरते खरे. प्रवर्धक व ग्राही यांचे परिपथ दोन दिशांना सारखे नसतात, म्हणून त्यांचे समायोजन करावे लागते. अमेरिकेतील राइस विद्यापीठाच्या ‘आर्गोस’ या ६४ अँटेनांच्या प्रयोगात २०१२ मध्ये एका संदर्भ-अँटेनेच्या साहाय्याने ते साधले. लुंड येथील १०० अँटेनांच्या संचासाठी पुढे जी रीत प्रसिद्ध झाली, तीत घटकांतील परस्पर-युग्मनच मोजपट्टी म्हणून वापरले आहे. बाहेरचे काही न लागता संच स्वतःच्या शेजाऱ्यांकडून स्वतःची ओळख करून घेतो. कागदावरून ज्याची हकालपट्टी झाली होती, त्याच्याच मदतीने कागद खरा करण्यात आला.

मार्झेटा यांना मात्र या सर्वांचे सोयरसुतक नव्हते, असे म्हणणे अन्यायाचे होईल. २०१९ मध्ये असिलोमार येथील परिषदेत त्यांनी वाचलेला निबंध अतिदिशिक संचांवर, म्हणजे घटक मुद्दाम जवळ आणून युग्मनातून जादा लाभ काढण्याच्या जुन्या प्रश्नावर होता. आणि त्यानंतर पिझ्झो व सांग्विनेत्ती यांच्यासह त्यांनी प्रसिद्ध केलेले २०२० चे प्रतिमान तरंगसमीकरणापासून सुरुवात करते, स्वतंत्र यादृच्छिक संख्यांपासून नव्हे. ‘एन’ घटक रेषेत अगदी निकट आणल्यास टोकाच्या दिशेस लाभ ‘एन’च्या वर्गाइतका होऊ शकतो, हे उझकोव यांनी १९४६ मध्येच सांगितले होते. त्यासाठी शेजारच्या घटकांत परस्परविरुद्ध दिशांचे प्रचंड प्रवाह लागतात. तांब्यातील रोधाने ते तापतात, आणि मोजमापातील अल्पशा चुकीने सारा लाभ कोसळतो. तीन-चार घटकांपलीकडे हे साधणे फार कठीण असते. तेव्हा ज्या लेखकाने अनंतापासून प्रारंभ केला, तोच आता दोन घटक किती जवळ आणता येतील, या प्रश्नापाशी येऊन पोहोचला आहे.